बंद गाडीतला श्वास

माझ्या बहिणीची गाडी श्वास घेते, हे मला प्रथम सांगितले ते तिच्या नवऱ्याने. आणि माझ्या सवयीप्रमाणे मी त्याच्याशी वाद घातला.

सेल्विन तेव्हा माझ्या गॅरेजच्या सावलीत उकिडवा बसला होता. त्याची बायको, म्हणजे माझी बहीण, नोव्हेंबरात वारली होती आणि आता जानेवारी चालू होता. तिचे नाव मी येथे लिहिणार नाही. वॅटल बोअर या आमच्या वाळवंटी वस्तीत गेलेल्या माणसाचे नाव कोणी उच्चारत नाही; ज्या जिवंत माणसाचे तेच नाव असेल तोही काही वर्षे दुसऱ्या नावाने वावरतो. रक्ताने ती माझी बहीण नव्हे. मी हे गॅरेज चालवायला येथे आलो तेव्हा माझे केस काळे होते. तिच्या आईने, मर्टलने, एका दुपारी चहाचे टमरेल पुढे करून मला विचारले की मी कोणाचा कोण. आणि मला उत्तर देता येईना, तेव्हा तिने मला आपला मुलगा ठरवून टाकले. नाते ठरल्यावाचून येथे कोणाजवळ बसावे, कोणाशी हसावे आणि कोणाला पाहून वाट बदलावी, हे माणसाला कळत नाही. त्या एका वाक्याने मला आई मिळाली, बहीण मिळाली, आणि पुढे सेल्विनसारखा मेव्हणा मिळाला, ज्याने माझी यथेच्छ थट्टा करावी असा त्याचा हक्कच होता.

त्याच मांडणीने सेल्विनला मात्र मर्टल वर्ज्य होती. जावयाने सासूशी बोलायचे नाही, तिच्याकडे पाहायचे नाही, तिच्याबरोबर एका गाडीत बसायचे नाही. याला येथे कोणी वैर समजत नाही. यापेक्षा मोठा आदर आमच्याकडे नाही. दोघांना एकमेकांस काही कळवायचे असले तर मधे कोणीतरी लागते: मी, एखादी शेजारीण, आणि कोणीच नसेल तर कुत्रा. बिस्किट नावाचे एक पिवळट, एका कानाने अधू कुत्रे वर्षानुवर्षे हे काम करीत आले होते. सेल्विन पाठमोरा उभा राहून म्हणे, "बिस्किट, तिला सांग, लाकडं आणून टाकलीत." आणि पलीकडून मर्टल म्हणे, "बिस्किट, त्याला सांग, ओली आहेत."

तर त्या दिवशी सेल्विन म्हणाला, "गाडी श्वास घेते. सकाळी सोडते, संध्याकाळी घेते. मी ऐकलं."

मी म्हणालो की गाडीला फुप्फुसे नसतात. ऊन चढले की पत्रा फुगतो, उतरले की आखडतो, आणि तो आवाज करतो.

"पत्रा कसा वाजतो ते मला माहीत आहे, शहाण्या. पत्रा कडकडतो. ही उसासा टाकते." मग म्हणाला, "बायको रागावल्यावर टाकायची तसा."

ती गाडी तिच्या घरासमोर उभी होती. घर रिकामे होते. मृत्यू झाला की कुटुंबाने ते घर सोडायचे, आणि त्याप्रमाणे सेल्विन वस्तीच्या एका टोकाला व मर्टल दुसऱ्या टोकाला जाऊन राहिली होती. गाडीच्या काचा वर चढवलेल्या, दारे बंद, किल्ली मर्टलजवळ. दूरच्या वस्त्यांतले नातलग जमले म्हणजे इमू-झुडपाचा पाला निखाऱ्यांवर टाकून त्याचा धूर आधी घरात आणि मग गाडीत फिरवायचा होता. त्या धुराने गेलेल्या माणसाला वाट मिळते. तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही. मुसळधार पावसाने दक्षिणेकडचा रस्ता बंद पडला होता, नातलग अडकले होते, आणि गाडी तशीच तापत होती. जानेवारीत आमच्याकडे सावलीतसुद्धा लोखंडाला हात लावताना विचार करावा लागतो. बंद गाडीच्या आत काय असेल याची कल्पना न केलेलीच बरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तेथे गेलो. जाताना मनात उत्तर तयारच होते. सूर्य अजून मल्गाच्या झाडांमागे होता आणि हवेत रात्रीचा थोडासा गारवा उरला होता. गाडीपासून हात-दोन हातांवर मी थांबलो. काचा आतून धुरकटल्या होत्या. आमच्या या कोरड्या मुलखात काचेवर दव धरलेले मी क्वचितच पाहिले आहे, आणि आतून तर कधीच नाही. समोरच्या काचेवर, चालक बसतो त्या बाजूला, त्या धुक्यात एक जागा स्वच्छ होती. तिला पाच बोटे होती. एक पूर्ण तळवा, अंगठा किंचित बाजूला, जणू कोणी आतून काचेला हात टेकून बाहेर पाहत आहे.

मी हललो नाही. सूर्य वर आला, पहिले ऊन बॉनेटवर पडले, आणि थोड्याच वेळात धुके काचेच्या कडांकडे सरकत विरून गेले. तळवाही गेला. काच पुन्हा साधी काच झाली. आणि मग आतून, सीटच्या उंचीवरून, एक लांब, बारीक, ओलसर फुस्कारा ऐकू आला. तो संपतो असे वाटले तोच आणखी एक निघाला. पहिल्याहून लहान, पण तसाच कंटाळलेला.

मी परत आलो आणि दिवसभर एकाही गाडीला हात लावला नाही.

विचार करून जे उमगते ते उमगेपर्यंत माणसाने बोलू नये, असे मला वाटते. परंतु संध्याकाळी सेल्विन आला आणि मी न बोललेलेही त्याच्या लक्षात आले. तो म्हणाला, "पाहिलास ना? तळवा." आणि हसला नाही. मी त्याला एवढेच विचारले की गाडीत काही राहिले आहे का. तो बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढीत बसला.

"खोकं आहे," तो म्हणाला. "सॅनिटायझरचं. मीच ठेवलं."

मग सारे निघाले. माझी बहीण आमच्या दवाखान्यात काम करी आणि घरोघर जाऊन बाटल्या वाटी. ज्या रविवारी मालाचा ट्रक आला त्या दिवशी दवाखाना बंद होता. तिने खोके तेवढ्या रात्रीपुरते गाडीत ठेवायला सांगितले, आणि सेल्विनने ते पुढच्या सीटमागे, घोंगडीखाली ठेवले: दाबायच्या टोपणाच्या बाटल्या आणि एक मोठा कॅन. पहाटे तिच्या छातीत दुखू लागले. विमान आले, तिला शहरात घेऊन गेले, आणि त्यानंतर ती परत आली ती स्मशानातच.

"ते उन्हात तिथंच राहिलं हे तिला समजलं असतं तर माझं डोकं खाल्लं असतं," सेल्विन म्हणाला. "उन्हातल्या गाडीत ते ठेवायचं नाही, हे ती साऱ्या वस्तीला सांगत फिरायची."

ते मलाही आठवत होते. तिची स्वतःची पद्धत ठरलेली होती: लहानशी बाटली, टोपण घट्ट, ओल्या कापडात गुंडाळून डब्यात, डबा पायाशी सावलीत, आणि गाडीतून उतरताना डबाही उतरायचा. ती सांगे की उन्हात त्यातले अल्कोहोल उडून जाते, उरतो तो नुसता चिकट ओलावा, तो हाताला लावून उपयोग नाही. आणि उडालेले अल्कोहोल बंद गाडीत कोठे जाणार, ते तेथेच बसून राहते. तिला कोणी विचारले की उन्हाने बाटली आपोआप पेटते का, तर ती म्हणे नाही, नुसत्या उन्हाने नाही पेटत; पण ती वाट पाहत बसते, कोणीतरी सिगारेट ओढत दार उघडील म्हणून.

म्हणजे उत्तर मिळाले होते. दिवसा बाटल्या फुगत होत्या आणि टोपणांतून हवा सोडीत होत्या. संध्याकाळी आखडताना ती आत ओढीत होत्या. रात्री काच गार झाली की आतली वाफ तिच्यावर धरत होती. आणि जेथे माझ्या बहिणीने सॅनिटायझर चोळलेला हात कधीतरी काचेला टेकवला होता, तेथे त्यातल्या ग्लिसरिनचा पातळ थर राहून धुके धरत नव्हते. मी हे सारे सेल्विनला क्रमाने सांगितले. एकही दुवा निसटता नव्हता. आणि तरी, सांगत असताना, तो हात तिने केव्हा आणि का टेकवला असेल हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. पहाटे विमानाच्या धावपट्टीवर तिला त्याच गाडीतून नेले होते.

सेल्विनने सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुझं बरोबर असेल. पण धूर घेऊन आत कोण जाणार आहे?"

मर्टल जाणार होती. आईचाच तो मान होता. निखाऱ्यांचे टमरेल हातात घेऊन, धुमसता पाला त्यावर दाबीत, ती आपल्या लेकीच्या गाडीत वाकून शिरणार होती. आणि त्या गाडीत दोन महिने अल्कोहोलची वाफ कोंडून बसली होती. ज्याला हे ठाऊक होते त्याला तिच्याशी बोलता येत नव्हते.

"तू सांग," तो म्हणाला. "तू मुलगा आहेस. मी सांगू शकत नाही."

मी त्याच संध्याकाळी मर्टलकडे गेलो. ती अंगणात घोंगडीवर बसून राखेत डँपर, म्हणजे जाड भाकर, भाजत होती. केस तिने शोकासाठी कापून टाकले होते आणि त्यामुळे तिचे कान एकाएकी मोठे दिसत होते. मी सारे सांगितले: खोके, वाफ, फुगणाऱ्या बाटल्या, काचेवरचा थर. मी म्हणालो की धुराच्या आधी गाडी उघडली पाहिजे, खोके काढले पाहिजे, दारे वाऱ्याला मोकळी ठेवली पाहिजेत, आणि निखारे तोवर तिच्या आसपासही येता कामा नयेत.

तिने विचारले, "गाडी मरते तेव्हा तू काय करतोस?"

मी म्हणालो, तिचे सुटे भाग काढतो.

"म्हणून तर म्हणते, तिला हात लावू नकोस."

मग वाद झाला. आणि मी वादात हटणारा माणूस नसलो तरी मला कबूल केले पाहिजे की तिची बाजू दुबळी नव्हती. तिचे म्हणणे असे की धुराआधी दार उघडले तर आत जे आहे ते वाट न मिळताच बाहेर पडेल, आणि मग वस्तीत कोठेही भटकत राहील. मी म्हणालो की आत आहे ती वाफ. ती म्हणाली की मीही तेच म्हणते, तू तिला दुसरं नाव देतोस इतकंच. मी म्हणालो, आई, तो श्वास नाही, ते टोपण आहे.  राखेतून डँपर काढून तिने त्याच्या पाठीवर बोटाने टकटक केली.

"मी रोज संध्याकाळी जाऊन बसते तिथं," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे ते काय आहे. तू मला आणखी सांगू नकोस."

मी निघालो तेव्हा अंधार पडू लागला होता आणि माझ्या हातात गरम डँपरचा तुकडा होता. नाराज असली तरी तिने कोणाला उपाशी पाठवले नव्हते.

पुढच्या काही दिवसांत सेल्विनने बिस्किटकडून प्रयत्न केला. मी तेथे होतो म्हणून सांगतो. मर्टल गाडीपासून थोडी दूर बाभळीखाली बसली होती. सेल्विन पलीकडे, पाठ फिरवून. कुत्रे दोघांच्या मधे धापा टाकीत पडले होते.

"बिस्किट, तिला सांग," तो म्हणाला, "माझी बायको कधीकधी दुपारी दगडावर ते सॅनिटायझर ओतून काडी लावायची. पोरांना दाखवायला. आग दिसायचीच नाही. वर पान धरलं की पान काळं व्हायचं, पण आग दिसायची नाही. तिला सांग, तिच्या लेकीनं सांगितलं होतं, हात वाळेपर्यंत आणि वास जाईपर्यंत चुलीजवळ जायचं नाही."

 त्याच क्षणी, ऊन झाडांखाली उतरले असताना, गाडीने श्वास आत घेतला. आम्ही तिघांनी ऐकला. कुत्र्याने चांगला कान टवकारला. सेल्विनची पाठ ताठ झाली. मर्टल उठली, घागरा झटकला आणि जाता जाता म्हणाली, "बिस्किट, त्याला सांग, वास जाईपर्यंत. ऐकलं मी."

रस्ता खुला होऊन नातलग आले त्या दिवशी मर्टल निम्मे कबूल झाली असे मला समजले. दार आधी उघडायचे, खोके मी काढायचे, मुलगा म्हणून; मग वास जाईपर्यंत सर्वांनी लांब बसायचे; आणि मग धूर. मर्टलची मोठी नणंद, एड्ना नावाची भारदस्त बाई, हे ऐकून नाक मुरडीत म्हणाली की आजकाल भुतांनाही थांबवून ठेवतात. तिने दूरचा प्रवास केला होता आणि तिला ऊन चढायच्या आत परतायचे होते.

सकाळ होती, तरी हवा तापायला लागली होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, वाळूवर बसले. सेल्विन माझ्या ट्रकच्या चाकाला खांदा टेकून, सासूकडे आणि गाडीकडे पाठ करून बसला. त्याच्या डोक्याच्या वर, मागचे दाखवणारा, ट्रकचा आरसा होता. मर्टलने मला किल्ली दिली. मी दार उघडले.

आतून जे बाहेर आले त्याला वास म्हणणे अपुरे होईल. ते अंगावर आले. डोळ्यांतून पाणी काढले, घशात गोड, थंडगार बोट घातल्यासारखे झाले. मी चारही दारे उघडली आणि वाकून घोंगडी दूर केली. खोक्याचा तळ ओला होऊन गळून पडला होता. बाटल्या फुगून बेढब झाल्या होत्या. कॅन आडवा पडला होता, उचलला तर हलका. त्यात जे होते ते सीटमध्ये आणि खालच्या गालिच्यात मुरले होते. हात ठेवला तर गालिचा बुळबुळीत लागला. मी खोक्याचे लगदा झालेले तुकडे, बाटल्या, कॅन, सारे पत्र्याच्या पाटीत भरून दूर नेले, आणि येताना म्हणालो की पुष्कळ वेळ थांबावे लागेल, शक्यतो उद्यापर्यंत.

"उद्या?" एड्ना म्हणाली. तिने आपल्या भाच्यांकडे पाहिले, मग आकाशाकडे. वाद घालायला मी तयारच होतो. पण तिने वाद घातला नाही. ती घराकडे गेली. घराला धूर द्यायला तर कोणाची हरकत नव्हती, आणि घर वाऱ्याच्या खालच्या अंगाला होते, ठिणग्या गाडीकडे येणार नव्हत्या. तिने कापलेल्या पिंपात निखारे काढले, वर पाला टाकला, आणि दाट, कडसर, पांढरा धूर रिकाम्या घराच्या दारातून आत गेला. बायकांनी रडायला सुरुवात केली. तो आवाज सुरू झाला की वस्तीतली कुत्रीही गप्प होतात. मी पाटी घेऊन पुन्हा ट्रकमागे गेलो.

त्या वेळी वावटळ उठली.

आमच्याकडे उन्हाळ्यात वावटळी नेहमीच्या. पण त्या दुपारी उठतात, मोकळ्या माळावर. ही सकाळी उठली, घराच्या मागून, माणसाच्या उंचीची. ती भिंतीला धरून आली, पिंपापाशी थांबली, त्यातला धूर आणि धुमसता पाला तिने अंगावर घेतला, आणि मग सरळ, घाई न करता, अंगण ओलांडून गाडीकडे चालू लागली. ज्याने पाहिले त्याने मान खाली घातली. रडणे थांबले. वावटळ उघड्या दारापाशी पोचली, थोडी झुकली आणि आत शिरली. बाहेर राहिली फक्त धूळ, हळूहळू खाली बसत असलेली.

आणि मग काहीच झाले नाही.

मी असे म्हणतो कारण सर्वांना तसेच दिसले. ना ज्वाला, ना धूर, ना आवाज. ऊन होते, गाडी होती, तिची दारे उघडी होती. फक्त गाडीच्या आतली हवा पाण्यासारखी हलत होती, आणि तसे तर जानेवारीत सगळेच हलताना दिसते. मर्टल उठली. तिची लेक घरातून निघून गाडीत जाऊन बसली होती. हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. तिने दोन्ही हात पुढे केले आणि ती चालू लागली.

मी ट्रकमागून पाहत होतो. मला चालकाची सीट दिसली. तिचे कापड आत दबले, जसे कोणी बसल्यावर दबते. मग पाठीचे कापडही दबले. स्टिअरिंगला अडकवलेली पिसांची माळ एकेका पिसाने काळी पडत, आखडत, वर गेली. तिला कोणी हात लावला नव्हता.  खोके, वाफ, ग्लिसरिन, हे सारे मी स्वतः सिद्ध केलेले होते, आणि त्या क्षणी त्यातले एक अक्षरही मला आठवले नाही. मला इतकेच वाटले की ती बसली आहे.

मर्टलचे हात दारापाशी पोचत होते.

"आई, मागं फिर. आग आहे."

मर्टल जागच्या जागी थिजली. आगीला ती थांबली नसती; तिला आग दिसतच नव्हती. ती थांबली ती त्या हाकेला. त्या वस्तीत तिला आई म्हणून हाक मारणारा आता एकटा मी उरलो होतो, आणि मी तोंड उघडले नव्हते. सेल्विन उभा होता. त्याने तोंड फिरवले होते आणि तो तिच्याकडे, सरळ तिच्या चेहऱ्याकडे, पाहत होता. त्याच्यामागे ट्रकच्या आरशात ती गाडी आणि तिच्यातली काळी पडलेली पिसे दिसत होती.

मर्टल एक पाऊल मागे आली. दुसरे टाकत होती तोच सीटच्या आतल्या स्पंजाने पेट घेतला आणि आता सर्वांना दिसेल अशी, पिवळी, काळ्या धुराची आग छतापर्यंत गेली. काच फुटली. बायकांनी तिला ओढून मागे नेले. तिच्या हातांवरचे केस जळले होते, तेवढेच. आम्ही वाळू टाकली, पाणी आणले, पण ती गाडी वाचवायला कोणी फारशी धडपड केली असे मला म्हणता येणार नाही. एड्ना पिंपाशेजारी मटकन बसली.

सेल्विन त्या गडबडीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो आपली वळकटी बांधत होता. त्याचा आवाज बसला होता. बोलला ते कुजबुजल्यासारखे. म्हणाला की येथे आता राहता येणार नाही. ज्याने सासूच्या तोंडाकडे पाहून तिला हाक मारली त्याने पुन्हा तिच्या वस्तीत कसे वावरायचे, आणि तिने तरी कोणत्या तोंडाने बाहेर पडायचे? ती कालपासून घराबाहेर आली नव्हती, हे खरे होते. मी म्हणालो की तू तिचा जीव वाचवलास. तो म्हणाला की हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याने काही फरक पडत नाही. मी वाद घातला. तो वळकटीची गाठ आवळत राहिला.

ऊन कलल्यावर मर्टल आली. ती त्याच्या शेकोटीपासून बरीच दूर थांबली, पाठ फिरवून वाळूवर बसली, आणि बिस्किटला जवळ बोलावून त्याचा अधू कान कुरवाळू लागली. सेल्विननेही पाठ फिरवली. मी मधे होतो. पण तिने मला निरोप्या केले नाही.

"बिस्किट," ती म्हणाली, "त्याला सांग, काल मला कोणीतरी हाक मारली."

सेल्विन हलला नाही.

"सांग त्याला, आवाज बाईचा होता. मी जन्मभर ऐकलेला आवाज. रागावल्यावर यायचा तसा." तिने कुत्र्याच्या पाठीवरची धूळ झटकली. "त्यानं काही केलं नाही. तो पाठ करून बसला होता. त्याला विचार, वळकटी कशाला बांधलीय."

 मग सेल्विन, त्याच बसलेल्या, खरखरीत आवाजात म्हणाला, "बिस्किट, तिला सांग, हवा घालत होतो वळकटीला."

"सांग त्याला, मग सोड आणि घाल."

ती उठून गेली. सेल्विनने गाठ सोडली. मग त्याने माझ्याकडे पाहिले, अशा नजरेने की आता तूच सांग. कारण मी तेथे होतो. दोघांपासून सारख्याच अंतरावर, आणि मला काही सासू नव्हती, जावई नव्हता. त्याचे तोंड उघडताना मी पाहिले होते. ओठ हलताना पाहिले होते. आणि आवाज ऐकला होता.

मी अनेक गोष्टींवर अनेक माणसांशी वाद घातले आहेत. त्या संध्याकाळी मात्र मी सेल्विनच्या शेकोटीत दोन लाकडे सारली, चहा ठेवला, आणि त्याने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. आजही कोणी विचारले तर मी इतकेच सांगतो की ओठ त्याचे होते.